अंगणात गेलेली शाळा



भीमेकाठचा आपला अफजलपूर तालुका हा भाषांच्या शेजाराचा मुलूख. कुठे घरी कन्नड, कुठे मराठी, बाजारात दखनी. गाणगापूरचे माहात्म्य सांगणारे ‘गुरुचरित्र’ मराठीत रचणाऱ्या सरस्वती गंगाधरांची मातृभाषा कन्नड होती असे मानले जाते. इतकी ही सरमिसळ जुनी. मोठ्यांना तिचे ओझे वाटत नाही. परंतु सहा वर्षांचे मूल वर्गात घरचा शब्द उच्चारते, शेजारी हसतात, आणि ते गप्प होते. त्या गप्प बसण्याला आम्ही शिक्षक पुष्कळदा शिस्त समजतो.

१९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन तो म्हैसूर राज्यात गेला. शाळेची भाषा कोणती असावी यावर वडीलधाऱ्यांत वाद झाले, आणि ते होणे साहजिकच होते. मुलाच्या मनातील भीतीला मात्र त्या वादात जागा नव्हती.

ती जागा ज्यांनी दिली, त्यांचे कार्य आपल्यापासून दूर, पश्चिम किनाऱ्यावर घडले. भावनगरला १९२० साली गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर काढले. मुलाला शिक्षेचे भय नको, तशी बक्षिसाची लालूचही नको, असा त्यांचा आग्रह. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. तरीही बालमंदिर ही मुख्यतः शहरातील सुस्थित घरांचीच गोष्ट राहिली होती. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डी या खेड्यात गेल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा शाळाच वस्तीत गेली. कुणाच्या तरी अंगणात मुले गोळा करायची, त्यांना न्हाऊमाखू घालायचे, नखे कापायची, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या. अक्षरांची घाई नाही. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, खडे पुढे आले. माझ्या मते साधनांपेक्षा ते न्हाऊ घालणेच अधिक मोलाचे. ज्या मुलाला सगळे दूर ठेवत, त्याला शिक्षिकेने हात लावला होता!

१९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांमध्ये हे काम विस्तारले. तेथे निराळीच अडचण दिसली. शिकण्याच्या वयाची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन असे. भावंडाला घरी ठेवून ये, असे तिला सांगणे म्हणजे शाळेत येऊ नकोस असे सांगणेच. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात आणले. त्याला ‘विकासवाडी’ म्हटले गेले. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. मुलाची जबाबदारी, त्याची लाज, त्याची भावंडे, हे सारे मुलाबरोबरच वर्गात येते, एवढे या बायांनी ओळखले होते.

१९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. आपल्या तालुक्यातील कन्नड बोलणारी आईसुद्धा तो सहज उच्चारते.