गोल्फ कोर्सच्या काठावरचं म्हातारपण



आजचा विषय आहे निवृत्ती. थांबा, स्किप करू नका. मला माहितीये, तुमच्यापैकी अर्ध्या लोकांचं पहिल्या नोकरीचं प्रोबेशनसुद्धा संपलेलं नाही. पण नात्यात कुठेतरी एखादा अमेरिकेतला काका असतोच. सत्तरीला टेकलेला. तो व्हिडिओ कॉलवर सांगतो की मुलं आपापल्या गावी गेली, एवढं मोठं घर आता झेपत नाही, फ्लोरिडात नाहीतर ॲरिझोनात ‘फिफ्टी-फाइव्ह प्लस’ कॉलनी बघतोय, मागच्या अंगणातून थेट गोल्फ कोर्स दिसतो. आणि इकडे आजी म्हणते, “आयुष्यात कधी विटीदांडू धड खेळला नाही, तो गोल्फ काय खेळणार?”

आजीनं मुद्द्यालाच हात घातलाय. न खेळणारी माणसंसुद्धा गोल्फ कोर्सच्या काठावर घर का घेतात? हे समजायचं तर आपल्याला १९६० च्या ॲरिझोनात जावं लागेल. कापसाच्या शेतात.

पण त्याच्याही आधी थोडं मागे. म्हातारपणी नव्या गावी जाऊन मजेत राहायचं, तर हातात काम न करता येणारा पैसा पाहिजे. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८९ मध्ये, वृद्धांसाठी पेन्शनचा कायदा झाला तेव्हा वयाची अट होती ७०. त्या काळात सत्तरी गाठणारे किती असतील, तुम्हीच विचार करा! अमेरिकेत १९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारनं सोशल सिक्युरिटीचा कायदा केला, वय धरलं ६५, आणि १९४० पासून दर महिन्याचे चेक सुरू झाले. महायुद्धानंतर मोठ्या कंपन्यांच्या पेन्शनी त्यात जमा झाल्या. त्यामुळे १९५० च्या दशकात तिथे एक नवाच वर्ग तयार झाला. वय ६५, हातपाय धडधाकट, घराचं कर्ज फिटलेलं, महिन्याला चेक येतोय, आणि सकाळी उठून जायला ठिकाण नाही.

या माणसाचं करायचं काय? त्या काळचं ठरलेलं उत्तर होतं: मुलाच्या घरी एक खोली आणि एक डुलती खुर्ची.

बेन श्लायफर नावाच्या एका जमीन दलालाला हे उत्तर पटत नव्हतं. त्यानं १९५४ मध्ये फिनिक्स शहराजवळ ‘यंगटाउन’ नावाची वसाहत काढली. नाव यंग, राहणारे सगळे म्हातारे. छोटी, स्वस्त घरं, लहान मुलांना राहायला मनाई. वृद्धांसाठी वयाची अट घालून उभी राहिलेली अमेरिकेतली ही अगदी सुरुवातीची वसाहत. गोल्फ वगैरे काही भानगड नव्हती. तरी लोक आले.

ही गर्दी बघून शेजारीच एका मोठ्या माणसाचे कान टवकारले. डेल वेब. हा गडी म्हणजे एक वेगळा एपिसोड होईल. १८९९ चा जन्म, शाळा अर्धवट सोडलेला सुतार, बेसबॉल खेळायचा, टायफॉइडनं आडवा झाला आणि हवापालटासाठी फिनिक्सला आला. तिथे बांधकामाचा ठेकेदार झाला. लास वेगासचं फ्लमिंगो हॉटेल बांधणारा हाच. न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा अर्धा मालक हाच. आणि महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना डांबून ठेवण्यासाठी पोस्टनची छावणी उभी राहिली, तिचं कामही याच्याच कंपनीकडे होतं. याच्याबद्दलच्या गोडगोड गोष्टींमध्ये हे शेवटचं वाक्य बऱ्याचदा गाळलं जातं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

वेबच्या कंपनीनं यंगटाउनच्या बाजूची कापसाची जमीन हाताशी घेतली. नाव ठरवायला स्पर्धा ठेवली आणि नाव निघालं ‘सन सिटी’. इथे त्यांनी एक युक्ती केली, ती आपल्याकडच्या बिल्डर लोकांनी ऐकावी. आपल्याकडे ब्रोशरवर स्विमिंग पूल असतो, क्लबहाऊस असतं, आणि ताबा मिळाल्यावर कळतं की ते ‘फेज थ्री’मध्ये आहे. वेबनं उलटं केलं. आधी गोल्फ कोर्स, आधी दुकानं, आधी करमणुकीचं केंद्र बांधलं. नमुन्याची फक्त पाच घरं उभी केली. आणि १ जानेवारी १९६० ला दार उघडलं.

पहिल्या तीन दिवसांत जवळपास एक लाख माणसं बघायला आली! महामार्गावर गाड्यांची रांग लागली. तीन दिवसांत २३७ घरं विकली गेली. सर्वात साधं घर आठ-साडेआठ हजार डॉलरच्या आसपास. कारखान्यातला फोरमन, शाळामास्तर, छोटा दुकानदार जुनं घर विकून रोखीनं घेऊ शकेल अशी किंमत. १९६२ मध्ये टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर वेब झळकला.

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. गोल्फच का? बागा का नाहीत, तलाव का नाही?

एक कारण हौसेचं. तोपर्यंत अमेरिकेत गोल्फ म्हणजे कंट्री क्लब, आणि कंट्री क्लब म्हणजे मोठ्या साहेबांची जागा. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर गोल्फचे वेडे होते, टीव्हीवर अर्नोल्ड पामर दिसत होता. चाळीस वर्षं ज्या साहेबाच्या हाताखाली काम केलं, त्या साहेबाचा खेळ आता माझ्या दाराशी! काठी हातात न धरताही हे सुख मिळतं. नुसतं खिडकीतून बघायचं आणि गावाकडच्या भावाला फोटो पाठवायचा.

दुसरं कारण पक्कं धंद्याचं आहे. कापसाचं शेत म्हणजे सपाट, उजाड जमीन. ना समुद्र, ना डोंगर, आणि उन्हाळ्यात चंद्रपूरच्या मे महिन्याला लाजवेल असं ऊन. अशा जमिनीला ‘व्ह्यू’ द्यायचा कसा? गोल्फ कोर्स हा लांबलचक, नागमोडी हिरवा पट्टा असतो. त्याच्या दोन्ही काठांना प्लॉट पाडता येतात, आणि काठावरचा प्रत्येक प्लॉट जास्त दरानं जातो. चौकोनी बागेला एवढा काठ नसतो. त्यामुळे माझं मत असं की गोल्फ हा या कॉलन्यांचा खेळ नंतर, आधी तो प्लॉट पाडायचा नकाशा आहे. पुढे सन सिटीत एक-दोन नाही, करमणूक केंद्रांच्या संस्थेचेच आठ गोल्फ कोर्स झाले.

हे सगळं सुरू व्हायच्या आधीच एका माणसानं धोक्याची घंटा वाजवली होती. लुईस ममफर्ड, शहरांचा नामांकित अभ्यासक. १९५६ मध्ये त्यानं लिहिलं की म्हाताऱ्यांना वेगळं काढू नका, सगळ्या वयाच्या माणसांच्या वस्तीतच त्यांची सोय करा. ऐकलं कुणी? ग्राहकांनी तर नाहीच. वेगळं राहणं हेच तर त्यांना हवं होतं. त्यांना हिणवण्याआधी जरा विचार करा. मुलाच्या घरात एका खोलीत, सुनेच्या वेळापत्रकावर, नातवंडांना सांभाळत काढलेलं म्हातारपण त्यांनी आपल्या आईवडिलांचं पाहिलेलं होतं. सन सिटीत संध्याकाळी नाच होता, लाकूडकामाची शाळा होती, आणि “या वयात हे काय” म्हणणारं कोणी नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटतो, खरं सांगायचं तर.

पण बिल कुणीतरी भरतच असतं.

सन सिटी ज्या शालेय जिल्ह्यात येत होती, तिथे नव्या शाळांसाठी कर्जरोखे काढायचे तर मतदान घ्यावं लागे. सन सिटीचे रहिवासी मतदानाला अगदी नेमानं जाणारे. त्यांनी शाळांचे प्रस्ताव पुन्हा पुन्हा पाडले. आमची पेन्शन ठरलेली, आमची मुलं कधीच शिकून मोठी झाली, तिकडे आम्ही शाळेचा कर भरलाय, आता पुन्हा कशाला? हा त्यांचा युक्तिवाद अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. पण बाजूच्या पिओरिया गावातल्या कापूस-भाजीच्या शेतांवर राबणाऱ्यांच्या मुलांना शाळा हवी होती. शेवटी सत्तरच्या दशकात सन सिटीला त्या शालेय जिल्ह्यातून वेगळंच काढण्यात आलं.

आणि दुसरं बिल रहिवाशांनी स्वतःच भरलं. १९६० मध्ये आलेली जोडपी पासष्टीची होती. घर पासष्टीच्या माणसासाठी बांधलेलं, रस्ते गाडी चालवणाऱ्या माणसासाठी आखलेले. पंधरा-वीस वर्षांनी काय झालं? गोल्फच्या काठ्या गॅरेजमध्ये, आणि बऱ्याच घरांत एकटी आजी. जाहिरातीत दवाखान्याला मोठी जागा नव्हती, असायचं कारणही नव्हतं. सन सिटीत बॉसवेल हॉस्पिटल उघडलं १९७० मध्ये, म्हणजे पहिली घरं विकल्यानंतर दहा वर्षांनी.

तरी गाव टिकलं. कसं? तिथे नगरपालिका नाही, महापौर नाही. सन सिटीनं स्वतंत्र शहर व्हायलाच नकार दिला, कारण शहर झालं की कर आले. मग रहिवाशांनीच गस्तीसाठी स्वयंसेवकांचं पथक काढलं. रस्त्यांच्या मधले दुभाजक साफ करणारा, झाडं छाटणारा एक गट १९८० पासून चालू आहे, सगळे स्वयंसेवक, सगळे म्हातारे. माझ्या मते लोकांना इथे खरं सापडलं ते हे. साठीनंतरही आपलं कुणाला तरी काम पडतं ही भावना. ब्रोशरवर मात्र कायम गोल्फचाच फोटो.

आता कायद्याचा भाग, पटकन उरकतो. १९८८ मध्ये अमेरिकेनं घरांबाबतच्या भेदभावविरोधी कायद्यात दुरुस्ती केली: मुलंबाळं आहेत म्हणून कुणाला घर नाकारता येणार नाही. मग या कॉलन्यांचं काय? त्यांना सूट मिळाली. ५५ पेक्षा मोठ्यांसाठीची कॉलनी म्हणवायचं तर किमान ८० टक्के घरांत निदान एक माणूस ५५ च्या वरचा पाहिजे. तो ‘फिफ्टी-फाइव्ह प्लस’ शब्द इथून आलाय.

पण सूट मिळवायला कागद चोख लागतात. यंगटाउनमध्ये नव्वदच्या दशकात एका आजी-आजोबांकडे त्यांचा किशोरवयीन नातू राहायला आला. त्याच्या घरची परिस्थिती वाईट होती, जायला दुसरी जागा नव्हती. गावानं सांगितलं, नियम म्हणजे नियम, मुलगा राहू शकत नाही, दंड भरा. प्रकरण राज्याच्या ॲटर्नी जनरलपर्यंत गेलं. तपासात निघालं काय, तर वयाची अट लागू करताना गावानं कायदेशीर प्रक्रियाच नीट केलेली नव्हती! १९९८ मध्ये यंगटाउनची वयाची अट गेली. आज तिथे पोरं सायकली फिरवतात. ज्यांनी शांततेसाठी तिथे घर घेतलं होतं, त्यांना फसवल्यासारखं वाटलं, हेही खरंच.

आणि गोल्फ? २००६ पासून पुढची कितीतरी वर्षं अमेरिकेत दरवर्षी नवे कोर्स उघडले त्याहून जास्त बंद पडले. फिनिक्समध्येच अहवाटुकी भागात लेक्स नावाचा कोर्स होता, चारी बाजूंनी घरं. २०१३ मध्ये मालकानं तो बंद केला. तिथे घरं बांधायचा विचार सुरू झाला, आणि काठावर जास्त पैसे देऊन राहिलेल्यांसमोर हिरवळीच्या जागी वाळलेलं रान आलं. रहिवासी कोर्टात गेले. त्यांना वाचवलं ते जमिनीवर नोंदवलेल्या जुन्या अटींनी, ज्यात ही जागा गोल्फसाठीच राहील असं लिहिलेलं होतं. कोर्टानं कोर्स पुन्हा सुरू करायला लावला. पण तिथे परत चेंडू उडाला तोवर दशक उलटत आलं होतं. सत्तरीत खटला सुरू केलेला माणूस तोपर्यंत ऐंशीचा!

म्हणून त्या काकाचा पुढचा फोन आला तर हिरवळीचं कौतुक जरूर करा, आणि मग विचारा: काका, कोर्सचा मालक कोण? रहिवाशांची संस्था, बिल्डर, की तिसराच कुणी? आणि हा गोल्फ कोर्सच राहील हे खरेदीच्या कागदात आहे, की नुसतं सेल्समनच्या तोंडात? वर्गणी कोण वाढवतं? गाडी चालवणं सुटलं तर वाण्याकडे कसं जाणार? आणि काकू एकटी राहिली तर तिला हेच घर हवं असेल का, हे काकूला विचारलंय का?

काकांच्या पिढीला एक जास्तीचा पेच आहे. १९६५ च्या कायद्यानं अमेरिकेची दारं उघडल्यावर इंजिनियर, डॉक्टर होऊन गेलेली मराठी माणसं आता या वयाला पोचलीत. त्यांची आयुष्यं महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीभोवती, शनिवार-रविवारच्या नाटकाभोवती गेली. फ्लोरिडातली ‘द व्हिलेजेस’ ही गोल्फवाल्यांची पंढरीच म्हणा ना, पन्नासाहून जास्त कोर्स आहेत तिथे. आणि त्याच भागात, टॅव्हेरिस गावात, ‘शांतिनिकेतन’ नावाची भारतीयांसाठीची निवृत्तांची कॉलनी उभी राहिलीय. तिथे आकर्षण आहे ते भारतीय जेवणाचं, प्रार्थनेच्या खोलीचं आणि शेजारणीशी आपल्या भाषेत बोलता येण्याचं.

गोल्फ कोर्स तिच्या आवारात नाही. त्याचं कुणाला फारसं वाईट वाटलेलं दिसत नाही.