मँचेस्टरची अंधारी खोली

'जेन एअर' या कादंबरीचा शेवट वर्गात चर्चेला आला की एक आक्षेप हमखास निघतो. आगीत दृष्टी गमावलेल्या रॉचेस्टरला अखेरीस पुन्हा दिसू लागते, ही लेखिकेने सुखान्तासाठी केलेली सोय आहे, असा तो आक्षेप. कोणी त्यात पापक्षालनाचे धार्मिक रूपक पाहतो, कोणी निव्वळ भावविवशता. आम्हीही हा आक्षेप बराच काळ मान्य करीत आलो. परंतु ही कादंबरी जिथे लिहावयास घेतली गेली त्या खोलीचा इतिहास पाहिला, की तो तितकासा टिकत नाही असे आम्हांस वाटते.

ती खोली मँचेस्टरमधली, भाड्याची. १८४६ च्या ऑगस्टमध्ये शार्लट ब्राँटे तेथे वडिलांना घेऊन आली होती. हॉवर्थचे धर्मोपदेशक पॅट्रिक ब्राँटे तेव्हा ६९ वर्षांचे होते आणि मोतीबिंदूमुळे त्यांना जवळजवळ दिसेनासे झाले होते. महिन्याच्या आरंभी शार्लट व एमिली या बहिणी मँचेस्टरला जाऊन विल्यम जेम्स विल्सन या नेत्रशल्यविशारदांना भेटल्या होत्या. २५ ऑगस्टला विल्सन यांनी दोन साहाय्यकांसह त्याच बिऱ्हाडी शस्त्रक्रिया केली.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. त्यावर शतकानुशतके चालत आलेला उपाय सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात वर्णिलेला आहे. शलाकेने डोळा वेधून दृष्टीआड आलेला अडथळा बाजूला सारावयाचा; वस्तुतः गढूळ भिंग डोळ्यातच खाली ढकलले जाई. युरोपातही हीच रीत होती. १७४७ मध्ये फ्रान्सच्या जाक दाव्हिएल यांनी बुबुळावरील पारदर्शक पटलाला छेद देऊन भिंग बाहेर काढले आणि नवी वाट पडली. विल्सन यांनी हीच दुसरी रीत अवलंबिली, तीही फक्त डाव्या डोळ्यावर. दाह उद्भवला तर दोन्ही डोळे एकदम जाऊ नयेत म्हणून.

शस्त्रक्रिया पंधरा मिनिटे चालली. बाहुली रुंदावण्यासाठी बेलाडोना घातला होता. भूल मात्र नव्हती. बोस्टनमध्ये ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले ते १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, म्हणजे दोन महिन्यांच्या आतच. आणि डोळा बधिर करणारे कोकेनचे थेंब १८८४ मध्ये आले. पॅट्रिक यांनी घरगुती वैद्यकाच्या आपल्या ग्रंथात हा अनुभव नोंदवून ठेवला आहे: जळजळ झाली, पण असह्य नव्हती. वडिलांच्या इच्छेवरून शार्लट तेथेच उपस्थित होती आणि काम संपेपर्यंत बोलली नाही की हलली नाही.

ही पंधरा मिनिटे संपली तरी खरी परीक्षा पुढेच होती. त्या काळी छेदाला टाका घालीत नसत. जखम मिळून यावयाची ती केवळ स्थिर राहण्याने. एखादी खोकल्याची उबळही डोळ्याच्या आतील द्रव्य बाहेर लोटू शकली असती. म्हणून उताणे पडून राहावयाचे, डोळ्यांवर पट्टी, खोलीत अंधार, बोलणे अगदी कमी. दाह टाळण्यासाठी जळवा लावल्या जात. सुश्रुताच्या ग्रंथातही रुग्णाने उताणे निजावे. शिंक, खोकला, ढेकर टाळावी, असे सांगितले आहे. दोन सर्वस्वी भिन्न शस्त्रक्रिया. तरी रुग्णाच्या वाट्याला आलेले व्रत मात्र एकच. पाचव्या दिवशी, ३० ऑगस्टला, पॅट्रिक यांना प्रथम डोळा उघडून पाहू दिले. अंधुक दिसले. विल्सन यांचे समाधान झाले. रुग्ण मात्र खिन्न आणि थकलेला होता, असे शार्लटने मैत्रिणीला कळविले.

या सक्तीच्या स्तब्धतेत शार्लट काय करीत होती? तिची दाढ ठणकत होती. 'द प्रोफेसर'चे हस्तलिखित शस्त्रक्रियेच्याच दिवशी प्रकाशकाकडून नाकारले जाऊन परत आले होते, असे तिच्या चरित्रकार एलिझाबेथ गास्केल सांगतात. शेजारी वडील अंधारात पडून होते. दृष्टी परत येईल की नाही हे कोणीही सांगू शकत नव्हते. त्या दिवसांत तिने 'जेन एअर' लिहावयास घेतली. सप्टेंबरअखेर दोघे हॉवर्थला परतले. पॅट्रिक पुन्हा वाचू लागले, प्रवचने करू लागले. १६ ऑक्टोबर १८४७ रोजी कादंबरी प्रसिद्ध झाली.

आता रॉचेस्टरकडे पुन्हा वळू. त्याचा आजार मोतीबिंदूचा नाही, आणि पॅट्रिक म्हणजे रॉचेस्टर असे समीकरण मांडण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. परंतु लेखिका त्याला काय देते ते पाहावे. दृष्टी परत येते ती एकाच डोळ्यात. येते ती दोन वर्षांनी, हळूहळू: आधी जेनच्या गळ्यातील दागिन्याची चकाकी, मग झग्याचा फिकट निळा रंग. त्यानंतर लंडनच्या नेत्रवैद्याची मदत घ्यावी लागते. आणि इतके होऊनही त्याला फारसे लिहिता-वाचता येत नाही; वाट तेवढी दिसते. चमत्कार असा हिशेबाने घडत नसतो. डोळ्यांची पट्टी सुटण्याची वाट जिने पाहिली आहे, तिचे हे ज्ञान आहे.

आजच्या वाचकाला ते सहज उमगत नाही, कारण तो अनुभवच पालटला आहे. भिंग काढल्यावर पॅट्रिक यांच्या पिढीला आणि पुढे आपल्या आजोबांच्या पिढीलाही सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखे जाड चष्मे लागत. लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्यास आरंभ केला. अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची रीत आणली. आता छेद दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि बहुधा टाक्यावाचून मिटतो. थेंबांनी डोळा बधिर होतो. रुग्ण जागा असतो, त्याला दिव्यांचा झगझगाट दिसतो आणि डॉक्टरांचे बोलणे ऐकू येते. त्याच दिवशी घरी. नंतर काही आठवडे थेंब, डोळा चोळावयाचा नाही, त्यात पाणी जाऊ द्यावयाचे नाही; वेदना वाढली किंवा दृष्टी मंदावली तर मात्र तत्काळ डॉक्टरांकडे जावयाचे. पट्टी निघाली की पुष्कळांना पांढरा अधिक पांढरा आणि निळा अधिक निळा दिसतो, कारण पिवळसर झालेले भिंग गेलेले असते.

हा लाभ मोठा आहे, त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. वाचकाने एवढेच लक्षात ठेवावे, की जी गोष्ट आज एका दुपारी आटोपते तिच्यासाठी १८४६ मध्ये एक म्हातारा माणूस अंधारात महिनाभर पडून होता, आणि अखेरीस जे मिळाले ते एकाच डोळ्याचे होते. पॅट्रिक ब्राँटे १८६१ पर्यंत जगले. त्यांची सहाही मुले त्यांच्याआधी गेली. शार्लट १८५५ मध्ये. मिळालेल्या दृष्टीने त्यांनी काय काय पाहिले हे ठाऊक असताना, रॉचेस्टरच्या त्या एका डोळ्याला सोय म्हणणे आम्हांला आता जड जाते.