रविवारचा चहा

चपला दाराबाहेर काढा. आतून कपबश्यांचा आवाज येतोय. गाव पुणे, साल १९२३, वार रविवार. सतरंजीवर कुणीतरी सरकून तुम्हाला जागा करून देतं.

दर रविवारी चहाला जमतात म्हणून या मंडळींनी आपल्या बैठकीला आधी ‘सन टी क्लब’ म्हटलं. आता त्याचंच रविकिरण मंडळ झालंय. समोर माधवराव पटवर्धन बसलेत. फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवतात, कविता लिहिताना माधव ज्यूलियन होतात. शेजारी कवी गिरीश आणि यशवंत. भिंतीला टेकलेले मास्तर म्हणजे नाट्यछटाकार दिवाकर. पलीकडे श्री. बा. रानडे आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई. मनोरमाबाईंच्या मांडीवर कवितेची वही आहे, ती नीट पाहून घ्या. या पुण्यात, पुरुषांच्या बैठकीत, एक बाई आपली कविता स्वतः म्हणणार आहे.

यशवंत घसा साफ करतात आणि गाऊ लागतात. पेटी नाही, तबला नाही. वृत्ताच्या अंगातच चाल आहे, ती गळ्यातून मोकळी होते. एखादी मात्रा कमी पडली तर अर्थ कळायच्या आत कानाला खटकतं. माधवराव डोळे मिटून ऐकतायत. चार वर्षांनी वृत्तांवरची त्यांची ‘छंदोरचना’ निघेल. त्या ग्रंथामागे असे किती रविवार असतील, असं मला नेहमी वाटतं.

गाण्याच्या नादानं कविता गोडव्याकडे झुकते, हे मला मान्य आहे. चालीत न बसणारी एखादी खडबडीत, खरी ओळ इथं मागे पडलीही असेल. लवकरच आचार्य अत्रे ‘झेंडूची फुलं’ या विडंबनांच्या संग्रहातून या मंडळींची भरपूर टर उडवतील. पण ती टर वाचकाला कळेल, कारण मूळ कविता तोवर त्याच्या कानावरून गेलेली असेल. गिरीश आणि यशवंत सभा-संमेलनांतून आपल्या कविता अशाच गातील, आणि कधी काव्यसंग्रह विकत न घेतलेली माणसंही त्या गुणगुणत घरी जातील. या गाण्याचे उपकार मला फार मोठे वाटतात.

आता मनोरमाबाईंची पाळी. थोडं पुढे सरका. १९२६ साली त्या जातील, ऐन तिशीत. या खोलीत हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

चहा निवतोय. निवू द्या. त्यांनी वही उघडली आहे.