तळटीप : खुलताबादचे स्टेशन

१. या प्रकरणात प्रवासी ज्या स्टेशनावर उतरतात ते दौलताबादचे समजावे. खुलताबादला रेल्वे कधीच गेली नाही. निजामाच्या राजवटीत हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेने मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग टाकला आणि १९००च्या सुमारास तो सुरू झाला. मनमाडहून निघालेली गाडी नगरसोल, रोटेगाव, लासूर, पोटूळ असे करत दौलताबादला येते, मग छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), पुढे जालना. हा मार्ग सपाटीवरून जातो. खुलताबाद मात्र डोंगरावर, त्यामुळे दौलताबादेपासून पुढे किल्ल्याला वळसा घालून घाटच चढावा लागतो. १९९०च्या दशकात रूळ ब्रॉडगेज झाले, तरी खुलताबादकरांची वाट बदलली नाही. मुंबईसारखी लोकल इथे नाही, मेट्रोही नाही. एस.टी. आणि वडाप हेच रोजचे वाहन. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला भद्रा मारुतीसाठी शहरातून रात्रभर पायी माणसे येतात, तीही याच रस्त्याने. एवढ्या वर्दळीच्या गावासाठी दौलताबादला जास्त गाड्या थांबायला हव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. नकाशा पाहणाऱ्यांनी हा मार्ग आज दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात शोधावा. — संपादक