रेड क्रॉस राष्ट्रीय संस्थांचे आत्ममूल्यमापन

आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस व रेड क्रेसेंट संस्था महासंघाच्या सदस्य असलेल्या राष्ट्रीय संस्थांनी आपली घटना, कारभार, मनुष्यबळ, वित्तव्यवस्था व सेवाकार्य यांची सामाईक निकषांच्या आधारे स्वतःच केलेली तपासणी. १९० हून अधिक देशांत अशा राष्ट्रीय संस्था कार्य करीत आहेत. प्रत्येक संस्था आपल्या देशाच्या कायद्यानुसार स्थापन झालेली व अंतर्गत कारभारात स्वायत्त असते. परंतु नाव, बोधचिन्ह व मूलतत्त्वे ही सर्वांची एकच असतात. त्यामुळे एका संस्थेने संपादन केलेल्या विश्वासाचा लाभ सर्वांना मिळतो आणि एकीच्या दोषाचे परिणामही सर्वांना भोगावे लागतात. स्वायत्तता व सामाईक जबाबदारी यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नातून आत्ममूल्यमापनाची कल्पना क्रमाक्रमाने विकसित झाली.

पार्श्वभूमी : २४ जून १८५९ रोजी झालेल्या सॉल्फेरीनोच्या लढाईनंतर जखमी सैनिकांचे हाल पाहून आंरी द्यूनां याने १८६२ मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. युद्धकाळात उपयोगी पडतील अशा स्वयंसेवी मदतसंस्था शांततेच्या काळातच प्रत्येक देशात स्थापन कराव्यात, ही त्यातील प्रमुख सूचना होती. तीनुसार १८६३ मध्ये जिनीव्हा येथे पाच जणांची समिती स्थापन झाली व तिचेच पुढे आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीत रूपांतर झाले. २२ ऑगस्ट १८६४ रोजी पहिल्या जिनीव्हा करारावर १२ राज्यांनी सह्या केल्या. यानंतर निरनिराळ्या देशांत राष्ट्रीय संस्था निघू लागल्या. नव्या संस्थेची पाहणी करून तिला मान्यता देण्याचे काम जिनीव्हा येथील समितीकडे आले.

या मान्यतेचे स्वरूप ध्यानात घेणे आवश्यक आहे. संस्था स्थापन होताना अटी पूर्ण झाल्या आहेत की नाहीत, एवढेच तीत पाहिले जाई. मान्यता मिळाल्यावर संस्था त्या अटींना धरून चालते आहे काय, हे पाहण्याची नियमित व्यवस्था नव्हती. ही उणीव दीर्घकाळ फारशी जाणवली नाही. कारण बहुतेक संस्था राजघराणी, लष्करी वैद्यकीय सेवा व प्रतिष्ठित नागरिक यांच्या आश्रयाखाली होत्या आणि त्यांच्याविषयी शंका घेणे अप्रशस्त मानले जाई.

पहिल्या महायुद्धानंतर ५ मे १९१९ रोजी अमेरिकन रेड क्रॉसचे हेन्री डेव्हिसन यांच्या पुढाकाराने रेड क्रॉस संस्थांचा संघ पॅरिस येथे स्थापन झाला. अमेरिका, ग्रेट ब्रिटन, फ्रान्स, इटली व जपान या पाच देशांच्या संस्था त्याच्या संस्थापक सदस्य होत्या. आरोग्यसंवर्धन, रोगप्रतिबंध व आपत्तिनिवारण या शांतताकालीन कार्यांत राष्ट्रीय संस्थांना एकत्र आणणे, हा त्याचा हेतू होता. १९३९ मध्ये संघाचे कार्यालय जिनीव्हास हलविण्यात आले. संघाचे नाव १९८३ मध्ये रेड क्रॉस व रेड क्रेसेंट संस्थांचा संघ असे झाले व १९९१ पासून तो महासंघ म्हणून ओळखला जातो. तो सदस्यांनीच निर्माण केलेला असल्यामुळे वरिष्ठाने कनिष्ठाची तपासणी करावी, अशी रचना त्यात आरंभापासूनच नव्हती.

जर्मनीचा धडा : एकदा दिलेली मान्यता पुरेशी नाही, याचे सर्वांत कठोर प्रत्यंतर नाझी राजवटीत आले. १९३३ नंतर जर्मन रेड क्रॉस हळूहळू राज्यसत्तेच्या अंकित झाली व डिसेंबर १९३७ च्या कायद्याने तिची स्वायत्तता उरली नाही. ज्यूंना संस्थेतून वगळण्यात आले आणि एस.एस. या नाझी संघटनेतील वैद्य अर्न्स्ट ग्राव्हिट्स याच्याकडे तिची सूत्रे गेली. नाव व चिन्ह तेच राहिले. पण ज्या तत्त्वांसाठी ते चिन्ह होते, ती संस्थेच्या व्यवहारातून नाहीशी झाली. तिच्या तत्त्वभ्रष्टतेबद्दल तिला जाब विचारणारी यंत्रणा रेड क्रॉस चळवळीत अस्तित्वात नव्हती. १९४५ नंतर दोस्त राष्ट्रांनी ही संस्था विसर्जित केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने मान्यतेच्या दहा अटी निश्चित केल्या. देशात एकच राष्ट्रीय संस्था असावी, तिला स्वायत्त दर्जा असावा, तिचे कार्य देशाच्या सर्व भागांत पोहोचावे आणि वंश, लिंग, वर्ग, धर्म वा राजकीय मत यांचा विचार न करता तिने सभासद व कार्यकर्ते घ्यावेत, या त्यांतील महत्त्वाच्या अटी होत. १९६५ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या विसाव्या परिषदेने मानवता, निःपक्षपात, तटस्थता, स्वातंत्र्य, स्वयंसेवा, एकता व विश्वव्यापकता ही सात मूलतत्त्वे घोषित केली. यांमुळे मूल्यमापनाचा मापदंड तयार झाला. मात्र तो लावावयाचा कोणी, हा प्रश्न तसाच राहिला.

टॅन्सली अहवाल : वसाहतींचा अस्त झाल्यावर आशिया व आफ्रिकेतील अनेक नव्या संस्था संघाच्या सदस्य झाल्या. समृद्ध देशांच्या संस्थांपाशी रुग्णालये, रक्तपेढ्या व विपुल निधी होता, तर काही नव्या संस्थांचा सारा कारभार राजधानीतील एका लहानशा कार्यालयातून चाले. एवढी विषमता असताना सर्व संस्थांचे समान कर्तव्य कोणते, याचा शोध घेण्यासाठी समिती व संघ यांनी मिळून १९७३ च्या सुमारास कॅनडाचे डोनाल्ड टॅन्सली यांच्याकडे व्यापक अभ्यासाचे काम सोपविले. त्यांचा अहवाल १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या मूलभूत भूमिकेविषयी चळवळीत एकवाक्यता नाही, असे त्यात स्पष्टपणे नमूद केले आहे. आपत्तीत सापडलेल्यांना तटस्थपणे संरक्षण व साहाय्य देणे हीच ती भूमिका असावी, अशी त्यांची शिफारस होती. अहवालातील सर्व सूचना स्वीकारल्या गेल्या नाहीत. तरीही चळवळीने आपल्या उणिवांची जाहीर चर्चा करावी, हा पायंडा या अहवालामुळे पडला.

पद्धतीचा विकास : १९९० नंतरच्या दशकात महासंघाने ‘सुस्थितीत चालणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची लक्षणे’ निश्चित केली. त्यांचे तीन गट करण्यात आले : अधिष्ठान म्हणजे ध्येय, कायदेशीर आधार व सभासदवर्ग, क्षमता म्हणजे नेतृत्व, मनुष्यबळ, निधी, साधने व संघटन, आणि कार्यसिद्धी म्हणजे प्रत्यक्ष सेवा, तिची उपयुक्तता व परिणामकारकता. या लक्षणांवरून प्रश्नावली तयार करण्यात आली व संस्थांनी ती स्वतः भरून द्यावी, असे ठरले. आपत्तिसज्जतेसाठी २००० नंतर वेगळी प्रश्नावलीही प्रचारात आली.

प्रश्नावलीच्या पद्धतीतील दोष लवकरच लक्षात आले. पुष्कळदा एखादा अधिकारीच कार्यालयात बसून उत्तरे लिहून काढी. ‘लेखी धोरण आहे काय?’ या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर देता येई. परंतु ते धोरण शाखेतील स्वयंसेवकाला ठाऊक आहे काय, हे त्यावरून समजत नसे. शिवाय उत्तरांवर परदेशी साहाय्य अवलंबून असेल, अशी समजूत असल्यास परिस्थिती आहे त्याहून बरी किंवा क्वचित वाईटही रंगविण्याचा मोह होई.

या अनुभवावरून २०११ च्या सुमारास संघटनात्मक क्षमतेचे मूल्यमापन व प्रमाणन यांची नवी पद्धती अंमलात आली. तिच्यात क्षमतेचे पाच विभाग मानले आहेत : अस्तित्व टिकविणे, संघटन करणे, संबंध जोडून साधनसंपत्ती उभी करणे, कार्य पार पाडणे आणि परिस्थितीशी जुळवून घेऊन वाढणे. प्रत्येक विभागात अनेक निकष असून प्रत्येकासाठी चढत्या पायऱ्यांची वर्णने दिलेली असतात. पहिल्या टप्प्यात पदाधिकारी, वेतनी कर्मचारी, शाखांचे प्रतिनिधी व स्वयंसेवक काही दिवस एकत्र बसतात आणि आपली संस्था कोणत्या पायरीवर आहे, हे चर्चेने व एकमताने ठरवितात. चर्चेचे संचालन बाहेरून आलेले प्रशिक्षित सूत्रधार करतात. ते स्वतः निर्णय देत नाहीत, मात्र विधानाला पुरावा काय, असे विचारू शकतात. त्यानंतर सुधारणेचा कार्यक्रम आखला जातो. दुसऱ्या टप्प्यात भगिनी संस्थांतील जाणकार समकक्ष तपासणी करतात व निकष पूर्ण झाल्यास संस्थेला प्रमाणपत्र मिळते. सहभाग ऐच्छिक असतो आणि संस्थांची गुणानुक्रमे यादी लावण्याचा हेतू नसतो.

स्थानिक शाखांसाठी याच धर्तीवर सोपी पद्धती तयार करण्यात आली आहे. मोठ्या देशांच्या दृष्टीने ती विशेष महत्त्वाची ठरते. भारतीय रेड क्रॉस सोसायटी १९२० च्या पंधराव्या अधिनियमान्वये स्थापन झाली. तिला १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीची मान्यता मिळाली व त्याच वर्षी ती संघाची सदस्य झाली. राष्ट्रपती हे तिचे अध्यक्ष असून महाराष्ट्रासह विविध राज्यांत तिच्या शाखा व जिल्हाशाखा आहेत. अशा विस्तृत संस्थेचे खरे बलाबल मध्यवर्ती कार्यालयाच्या अहवालापेक्षा पूर, भूकंप वा साथ यांच्या वेळी जिल्हाशाखा किती तत्परतेने उभी राहते, यावरूनच अजमावता येते.

मर्यादा : आत्ममूल्यमापनाने सर्वच दोष उघडकीस येतात, असे नाही. कॅनडियन रेड क्रॉस ही साधनसंपन्न व अनुभवी संस्था होती. तथापि १९८० नंतरच्या दशकात तिने वितरित केलेल्या दूषित रक्त व रक्तघटकांमुळे हजाराहून अधिक लोकांना एच.आय.व्ही.ची व त्याहून कितीतरी अधिक जणांना यकृतशोथाची बाधा झाली. या प्रकरणाची छाननी न्यायमूर्ती होरेस क्रेव्हर यांच्या शासननियुक्त आयोगाने केली. त्याचा अहवाल १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९८ मध्ये रक्तसेवेचे काम या संस्थेकडून काढून नव्या यंत्रणांकडे देण्यात आले. संस्थेला स्वतःची चूक वेळीच दिसली नाही, तर तिची किंमत रुग्णांना प्राणांनी मोजावी लागते, हे या घटनेवरून दिसून येते.

खुद्द महासंघही या नियमास अपवाद नाही. पश्चिम आफ्रिकेतील इबोला साथीच्या (२०१४–१६) मदतकार्यात गिनी, सिएरा लिओन व लायबीरिया या देशांत अपहार व गैरव्यवहारांमुळे सु. ६० लाख डॉलरचे नुकसान झाल्याचे महासंघाने २०१७ मध्ये जाहीर केले. अंतर्गत लेखापरीक्षणातून ही गोष्ट पुढे आली होती. चर्चासत्रातील एकमत हे लेखापरीक्षणाची जागा घेऊ शकत नाही. दोन्हींची आवश्यकता असते, हा त्याचा अर्थ होय.

मूलतत्त्वांचा भंग झाल्यास आत्ममूल्यमापन पुरेसे ठरत नाही. त्यासाठी महासंघाच्या २००७ च्या घटनेने अनुपालन व मध्यस्थी समितीची तरतूद केली. बेलारूसच्या रेड क्रॉस संस्थेच्या सरचिटणीसाची वक्तव्ये व युक्रेनच्या व्याप्त प्रदेशातील त्याची भेट यांविषयी चौकशी झाल्यावर त्याला पदावरून दूर करण्याची मुदत संस्थेला देण्यात आली. ती पाळली न गेल्याने १ डिसेंबर २०२३ पासून त्या संस्थेचे सदस्यत्व निलंबित करण्यात आले. जर्मन रेड क्रॉसच्या काळी जी यंत्रणा नव्हती, ती आता काही प्रमाणात उपलब्ध झाली आहे, असे म्हणता येईल.

महत्त्व : आत्ममूल्यमापनावर मुख्य आक्षेप असा की, स्वतःच स्वतःचा न्यायाधीश होणाऱ्याचा निवाडा निर्दोष असणे कठीण. ज्या संस्थेत स्वयंसेवक अध्यक्षांसमोर मोकळेपणाने बोलू शकत नाही, तेथे एकमत हे केवळ वरिष्ठांचे मत ठरते. शासनाशी निकट संबंध असलेल्या संस्थेला आपल्या स्वायत्ततेविषयी प्रांजळपणे लिहिणे अवघड जाते. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु केवळ बाहेरच्या परीक्षकाने दिलेला निर्णय संस्था आपला मानीत नाही आणि जो निर्णय आपला वाटत नाही, त्यानुसार कारभार सुधारण्याची इच्छाही सहसा होत नाही. म्हणून आत्मपरीक्षण, समकक्षांची तपासणी, स्वतंत्र लेखापरीक्षण आणि तत्त्वभंग झाल्यास सामूहिक कारवाई ही चारही साधने परस्परपूरक मानली पाहिजेत.

संकटग्रस्त व्यक्तीला मदतसंस्था निवडण्याचे स्वातंत्र्य नसते. बाजारातील ग्राहकाप्रमाणे ती दुसरीकडे जाऊ शकत नाही, की मतदाराप्रमाणे पदाधिकारी बदलू शकत नाही. तिच्या वतीने प्रश्न विचारण्याची जबाबदारी साहजिकच संस्थेवर व तिच्या भगिनी संस्थांवर येते. आत्ममूल्यमापनाची कसोटी म्हणूनच भरलेल्या तक्त्यांत नसून, पुढील आपत्तीत मदत वेळेवर, भेदभावाविना व पूर्णांशाने पोहोचली की नाही, यात आहे.