कॅराव्हॅन आली, पण तळ कुठंय?

परवा पुण्याच्या एका मित्राचा फोन आला. चौघं जण कॅराव्हॅन भाड्यानं घेऊन माहूर, उनकेश्वर, सहस्रकुंड करायला निघालेत. त्याचा प्रश्न साधा होता. "रात्री गाडी लावायला चांगली जागा कुठं मिळेल? पाणी, लाइट, संडास असलं की बस. धबधब्याचा आवाज येत असेल तर अजून भारी." चार ठिकाणी फोन फिरवले. शेवटी ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या आखाड्यावर सोय लावून दिली.

राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. चाकावरचं घर घेऊन फिरणाऱ्यांसाठी निसर्गरम्य ठिकाणी कॅराव्हॅन पार्क व्हावेत आणि तिथं गाडी उभी करायला जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह असावं, अशी कल्पना. चांगली आहे. पण ही कल्पना नवीन असल्यासारखं जे बोललं जातंय, त्यावर लिहावंसं वाटलं. कारण बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणं आणि पाण्याकाठी तळ टाकणं, हे आपल्या मराठवाड्यानं शेकडो वर्षं बघितलंय. आपल्याकडं त्याला तांडा म्हणायचे.

आज तांडा म्हटलं की डोंगराच्या कडेची बंजारा वस्ती डोळ्यासमोर येते. मूळचा तांडा मात्र चालता होता. लदेणीचे बैल, त्यांच्या पाठीवर मिठाच्या नाहीतर धान्याच्या गोण्या, सोबत बायका-पोरं, कुत्री, सगळा संसार आणि पुढं नायक. १६३२ साली पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला उत्तरेत वाटेवर असा एक तांडा भेटला. त्यात १४,००० बैल होते, सगळे धान्यानं लादलेले. असा तांडा दिवसाला सहा-सात मैलच चालतो, असंही त्यानं लिहून ठेवलंय. म्हणजे साधारण दहा-अकरा किलोमीटर.

आता जरा आपला हिशेब करू. नांदेड ते हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटर धरा. तांड्याच्या चालीनं पंचवीस-सव्वीस मुक्काम झाले. बैल दिवसाला तीस लिटर पाणी सहज पितो. १४,००० बैलांचं झालं चार लाख वीस हजार लिटर. १०,००० लिटरचे बेचाळीस टँकर! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं आणि देशभरचे कॅमेरे स्टेशनावर होते. जवळपास तेवढंच पाणी असल्या मोठ्या तांड्याला एका मुक्कामाला लागायचं. सगळे तांडे एवढे मोठे नसत, हे मान्य. पण हजार बैलांचा तांडा धरला तरी रोजचं तीस हजार लिटर पाणी लागणार, आणि चारा वेगळाच.

हे पाणी नदी, ओढे, तलाव, बारवा यांतून मिळायचं. कंधारचा जगत्तुंग सागर हा राष्ट्रकूटांच्या काळातला तलाव आजही बघायला मिळतो. तळ पडला की गोण्यांची थप्पी भिंतीसारखी रचायची, वर कापड ताणायचं, बैल चरायला सोडायचे आणि राखणीला कुत्री. पावसाळ्यात चिखलातून लादलेले बैल चालत नाहीत, म्हणून चार महिने कुरणाच्या, पाण्याच्या जागी एकाच ठिकाणी मुक्काम. आजच्या कॅराव्हॅनवाल्याला जे हवं असतं (सपाट जागा, पाणी, झाडं, शांतता) तेच तांड्याचा नायक बघायचा. फक्त त्याला सेल्फी काढायचा नसायचा.

पण एवढे लोक, एवढी जनावरं येऊन उतरल्यावर गावानं त्यांना उतरू का द्यायचं? इथं एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. शाहजहानच्या काळात मोगल सरदार आसफखान दख्खनच्या मोहिमेवर आला तेव्हा भंगी आणि जंगी हे दोन बंजारा नायक लाखाच्या वर बैल घेऊन फौजेला रसद पुरवत होते. खानानं त्यांना ताम्रपट दिला, अशी कथा बंजारा समाजात सांगतात आणि इंग्रज अधिकाऱ्यांनीही ती नोंदवून ठेवली आहे. पाणी मिळालं नाही तर लोकांच्या रांजणातलं घ्या, चारा मिळाला नाही तर घरावरच्या छपराचं गवत काढा, अशी त्यात मुभा होती. दिवसाला तीन खून माफ, हेही होतं. ज्या गावावर असा तांडा उतरत असेल, त्याला ही मुभा गोड वाटली नसणार! गावकऱ्यांची बाजू या कथेत कुणी विचारलेली नाही. तरी एक कळतं की मुक्कामाच्या जागी पाणी आणि चारा मिळणं हा फिरत्या माणसाचा हक्क राज्यानं लिहून दिला होता, निदान तसा समज होता. राज्यानं दिला, कारण राज्याला गरज होती. बैलांवरून धान्य आलं नाही तर फौज उपाशी.

आपलं नांदेडही अशा तळांनी घडलेलं आहे. १७०८ मध्ये बादशहा बहादूरशहा आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून निघाला, तेव्हा त्याच्या छावणीसोबत गुरू गोविंदसिंगजी गोदाकाठी आले. त्या मुक्कामातून आजचं हे तीर्थ उभं राहिलं. (गुरू तेगबहादूरजींच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार करण्यासाठी १६७५ मध्ये दिल्लीजवळ स्वतःचं घर पेटवणारा लखीशाह हाही बंजारा व्यापारीच, असं शीख परंपरा सांगते.) पुढं १८०३ मध्ये असईच्या लढाईच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या पत्रांत 'ब्रिंजारी' हा शब्द सारखा येतो. हे ब्रिंजारी म्हणजे बंजारे. तोफांइतकीच त्याला त्यांच्या बैलांची काळजी.

मग आगगाडी आली. १९०० च्या सुमारास मनमाड–हैदराबाद लाइन नांदेडवरून गेली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्शी लाइटची छोटी गाडी लातूरला पोचली. सडका झाल्या. गोण्या वाघिणीत गेल्या आणि लदेणी संपली. त्याआधीच १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा करून ठेवला होता. फिरणाऱ्या जमातींची नोंद, पोलिसात हजेरी, परवानगीशिवाय हलायचं नाही. ज्यांच्या मुक्कामासाठी कधी ताम्रपट निघाला, त्यांचं मुक्काम करणंच आता संशयाचं कारण झालं. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, म्हणून त्या जमातींना 'विमुक्त' म्हणतात. बंजारा समाज बराचसा एका जागी स्थिरावला, त्यातून वसंतराव नाईकांसारखा अकरा वर्षं मुख्यमंत्री राहिलेला माणूस आला. कायदा गेला, पण गावाबाहेर पाल दिसलं की "कोण रे तुम्ही? कुठले?" असं दरडावणं अजून गेलेलं नाही. घिसाड्याची बैलगाडी ही चाकावरचं घरच की! विळे-खुरपी करून देणारी ती माणसं, पण त्यांना रात्री हटवताना मी बातमीदारीत बघितलंय. मित्राची कॅराव्हॅन मात्र कुणी हटवली नाही. उलट सरपंच चहा घेऊन आले.

आणि आताचा सगळ्यात मोठा तांडा विसरू नका. दिवाळीनंतर मुखेड, कंधार, किनवट, माहूरकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाहीतर टायरगाडीत संसार, भांडी, शेळी, कोंबड्या, लेकरं. पाच-सहा महिन्यांचा मुक्काम. बांबूच्या कामट्या आणि प्लास्टिकच्या कागदाची कोपी. बऱ्याच अड्ड्यांवर संडास नाही, पाणी लांबून आणायचं, बायांना अंघोळ अंधार असतानाच उरकावी लागते. पाणी, वीज, स्वच्छतागृह या तीनच गोष्टी त्यांनाही पाहिजेत. धोरणात ज्या लिहिल्यात त्याच.

हे जमत नाही असं प्रशासनानं म्हणू नये. माळेगावची खंडोबाची यात्रा बघा. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या त्या माळरानावर घोडे, उंट, गाढवं, लाल कंधारी बैल घेऊन कुठून कुठून माणसं येतात, राहुट्या ठोकून दिवसचे दिवस राहतात. तिथं कितीतरी भटक्या जमातींच्या पंचायती भरायच्या. त्या दिवसांत पाणी, दिवे, जनावरांचा डॉक्टर सगळं उभं राहतं. गैरसोयी असतात, दरवर्षी आम्ही त्याच बातम्या छापतो, पण उभं राहतं. यात्रा उठली की नळ बंद.

माझं म्हणणं असं आहे. सहस्रकुंडला, लिंबोटीच्या धरणाकाठी, हत्तीबेटाच्या पायथ्याशी कॅराव्हॅन पार्क जरूर करा. पण त्याच खर्चात बाजूला दहा राहुट्यांची जागा, एक नळ आणि चार संडास फिरत्या माणसांसाठी ठेवा, दर नाममात्र आणि ओळखपत्राची कटकट नको. कारखान्यांच्या अड्ड्यांना तोच नियम लावा. जागा नाही म्हणू नका. जुन्या तळांच्या, गायरानाच्या जागा नकाशावर आहेत, जमिनीवर त्यांचं काय झालं ते तपासायला हवं.

त्यासाठी एक काम सगळ्यांनी करा. तुमच्या गावात तांडा, घिसाडी, मेंढरं घेऊन फिरणारे धनगर कुठं उतरायचे? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि गावाच्या, शिवाराच्या नावासकट खाली लिहा. जमलं तर तलाठ्याकडून सातबारा बघून, ती जागा आज कुणाच्या नावावर आहे तेही.