घर ज्ञातीचे, शाळा वस्तीची : मुंबईस आलेल्या बिऱ्हाडांचा इतिहास

आपल्या ज्ञातीतील वडीलधाऱ्या मंडळींस 'तुमचे घराणे मुंबईस कसे आले' असे विचारले, तर बहुधा नोकरीचे नाव निघते. कोणाचे आजोबा गोदीत लागले, कोणाचे रेल्वेत, कोणाचे सचिवालयात. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. नोकरीसाठी एकटा पुरुष येतो. तो खाणावळीत जेवतो, गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकतो आणि शिमग्याला नि गणपतीला गावी जाऊन येतो. बायकामुलांसह बिऱ्हाड येते, तेव्हा त्यामागे पुष्कळदा मुलांच्या शिक्षणाचा विचार असतो. म्हणूनच खोली कोठे घ्यावी आणि मुले कोणत्या शाळेत घालावीत, हे दोन प्रश्न मुंबईतील मराठी कुटुंबांच्या इतिहासात जोडीनेच चालत आले आहेत. त्यांची उत्तरे पूर्वजांनी कशी शोधली आणि त्यांतून आपण आज काय घ्यावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

एकोणिसाव्या शतकात कोकणातील खेड्यांत शिक्षणाची स्थिती काय होती, हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रावरून कळते. मुरुडच्या ह्या मुलाला एका सार्वजनिक परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्यास जावे लागले, आणि तेथे 'वयाने लहान दिसतोस' म्हणून परीक्षेस न बसता परतावे लागले. पुढे त्यांनी मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ साली मॅट्रिकची परीक्षा दिली. ज्या गावी शाळेची वाटच अशी खडतर, त्या गावातील विचारी माणसाची नजर मुंबई-पुण्याकडे वळली, ह्यात नवल ते काय!

मुंबईस येणाऱ्या पांढरपेशा कुटुंबाचे पहिले पाऊल गिरगावात पडे. एकच खोली, पुढे सामाईक गॅलरी, टोकाला नळ व शौचकूप, असा तेथील संसार. गावच्या ओटी-पडवीच्या घराची सवय असलेल्या बाईला तो कोंडवाड्यासारखा वाटला असेल. तरीही ही कुटुंबे तेथे टिकून राहिली, ह्याचे एक कारण शाळा होते. १८४९ सालीच 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी'ने मुलींच्या शाळा काढल्या होत्या आणि नाना शंकरशेट यांनी त्या कार्यास जागा देऊन साहाय्य केले होते. १८९७ साली आर्यन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. विल्सन कॉलेज चौपाटीवर, एल्फिन्स्टन हायस्कूल बोरीबंदराजवळ, म्हणजे सारेच मुलाच्या पायांना झेपण्याजोगे. ट्रामचे भाडे द्यावे न लागता मुलगा शाळेत जाऊन जेवणाला घरी येऊ शके. जागा अपुरी असली तरी विद्या जवळ होती, आणि त्या पिढीने हा सौदा डोळसपणे केला.

ह्या निवडीचे सर्वांत तेजस्वी उदाहरण मात्र गिरगावातील नाही. लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ १९०४ च्या सुमारास साताऱ्याहून मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. उत्पन्न तुटपुंजे आणि माणसे अधिक. परंतु मुलाला त्यांनी घातले ते सरकारी एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये. परळहून ती शाळा जवळ नव्हती. एका खोलीच्या गर्दीत अभ्यास व्हावा म्हणून ते भीमरावाला लवकर निजवीत आणि पहाटे दोनच्या सुमारास उठवीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक उत्तीर्ण झाले. त्या बापाला राहण्याच्या जागेची निवड फारशी नव्हती. समाजाने ती त्याच्यासाठी आधीच करून ठेवली होती. शाळेची निवड तेवढी त्याच्या हाती होती आणि ती त्याने अचूक केली.

मुंबईचा वाढता पसारा उत्तरेकडे वळला तो एका आपत्तीमुळे. १८९६ साली मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि लोक शहर सोडून पळू लागले. दाट वस्तीतील कोंदट घरांचे भय सरकारला व नागरिकांना सारखेच जाणवले. १८९८ साली 'सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. त्याने जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, कामकरी वर्गासाठी चाळी बांधल्या, आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव ह्या भागांत शेते व खाजणे असलेल्या जमिनीवर आखीव भूखंड पाडले. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी त्यांतूनच उभ्या राहिल्या. १९२५ साली खुले झालेले माहीम पार्क अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ साली 'शिवाजी पार्क' झाले. त्याच सुमारास रेल्वेने विजेचा वेग घेतला : १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला आणि १९२८ साली कुलाबा ते बोरिवली अशा विजेच्या गाड्या धावू लागल्या. दादरास दोन्ही रेल्वेमार्ग लागत असल्याने कचेरी कोणत्याही दिशेला असो, दादरकराची सोय होई. शिवाय येथील नव्या इमारतींत स्वयंपाकघर, मोरी व शौचकूप घरातच असलेले 'ब्लॉक' मिळू लागले. मध्यम वर्गाच्या गृहिणीला सामाईक नळावरील रांगेतून सुटका मिळाली, हीच ह्या स्थलांतरातील मोठी क्रांती म्हणावी लागेल.

ह्याच काळात ज्ञातिसंस्थांनी गृहनिर्माणाच्या कार्यात लक्ष घातले. १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर कार्यांसाठीही संस्था काढण्याची वाट मोकळी केली. तिचा लाभ घेऊन रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या प्रेरणेने १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. ही मुंबईतील आद्य गृहनिर्माण संस्थांपैकी एक होय. तिच्या आधी त्याच समाजाने १९०६ साली शामराव विठ्ठल पतपेढी व १९११ साली कानडा सारस्वत संघ उभा केला होता. आधी पतपेढी, मग संघ, मग घर, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. नवख्या शहरात घरमालक अनोळखी माणसाकडे अनामत मागतो, हमी मागतो. ज्ञाती ही त्या काळची हमी होती. जागेची वार्ता ज्ञातीतून लागे, भागभांडवल ज्ञातीतून जमे, आजारपणात शेजारीण मदतीला येई ती ज्ञातीतलीच. आपल्यासारख्या अनेक मंडळांचा जन्म ह्याच गरजेतून झाला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

परंतु त्याच कृतज्ञतेने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जे दार आपल्यासाठी उघडे, ते दुसऱ्यासाठी बंद होते. परदेशातील उच्च शिक्षण घेऊन १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना त्या शहरात राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. मुंबईत त्यांचा दीर्घकाळ गेला तो परळच्या पोयबावडीवरील ट्रस्टच्या चाळीत. पुढे १९३० नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले, ते मुख्यत्वे आपल्या ग्रंथांसाठी. हिंदू कॉलनीच्या इतिहासात ह्या वास्तूचे स्थान कोणते, ह्याचा विचार प्रत्येक ज्ञातिसंस्थेने करावा. आपण घरे बांधली ती चांगल्या हेतूने. तरी त्या कुंपणाबाहेर कोण राहिले, हेही आपल्या इतिहासाचे एक पान आहे.

आता शाळेकडे वळू. घर एका ज्ञातीचे असू शकते. शाळा मात्र एका ज्ञातीवर चालत नाही. साधा हिशेब पाहावा. समजा, एका वसाहतीत एकाच ज्ञातीची चाळीस कुटुंबे आहेत आणि प्रत्येक घरी शाळेत जाणारी दोन मुले आहेत. एकूण मुले ऐंशी. दहा इयत्तांत ती वाटली तर प्रत्येक वर्गात आठ! एवढ्यावर शिक्षकांचे पगार निघत नाहीत. म्हणून ज्यांनी ज्यांनी शाळा काढली, त्यांना शेजारच्या सर्वांची मुले घ्यावीच लागली. मोठ्या तत्त्वापेक्षा हा व्यवहारच पुष्कळदा बलवत्तर ठरला, आणि त्या व्यवहाराने उपनगरांना माणसासारखे माणूस केले.

पार्ल्याचा दाखला घ्या. लोकमान्यांच्या निधनानंतर दुसऱ्याच वर्षी, १९२१ साली, तेथे पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ. पार्ले हे तेव्हा लहानसे उपनगर होते, नागरी सोयी बेताच्याच. पण रहिवाशांनी शाळा व वाचनालय ह्यांची वाट पाहिली नाही. पु. ल. देशपांडे यांचे बालपण प्रथम जोगेश्वरीच्या सरस्वती बाग ह्या नव्या वसाहतीत गेले. नंतर कुटुंब पार्ल्यास आले आणि ते टिळक विद्यालयात शिकले. माटुंग्यास आलेल्या दाक्षिणात्य बांधवांनी १९३२ साली साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी स्थापिली. माटुंग्यातच १९३७ साली रुईया कॉलेज निघाले. १९४० साली दादासाहेब रेगे यांनी शिवाजी पार्कजवळ बालमोहन विद्यामंदिर काढले. हिंदू कॉलनीतील किंग जॉर्ज शाळा पुढे राजा शिवाजी विद्यालय झाली. दादर-माटुंग्यास बिऱ्हाड केलेल्या कुटुंबातील मूल बालवर्गापासून पदवीपर्यंत पायी चालत जाऊन शिकू शके. मुलींच्या शिक्षणाला ह्या अंतराचा किती उपयोग झाला असेल, हे आपापल्या आजीला विचारावे. गाडीने एकटी जाऊ न देणारे घरही चार गल्ल्यांपलीकडील शाळेला नाही म्हणत नसे.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पुन्हा बदलले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूचे भाडे गोठले. भाडेकरू जागेवरून हलेना, घरमालक दुरुस्ती करीना, आणि नव्याने येणाऱ्यास पागडीवाचून खोली मिळेना. गिरगावातील एका खोलीत तिघा भावांचे संसार मावणे अशक्य झाले. थोरला तेथेच राहिला. धाकटे बोरिवली, मुलुंड, ठाणे, डोंबिवलीस गेले. महापालिकेची हद्द १९५० साली आणि पुन्हा १९५७ साली उत्तरेकडे वाढली, ती ह्याच लोंढ्यामागून. नव्या उपनगरांत रस्ता चिखलाचा, पाणी विहिरीचे, असा आरंभ असे. परंतु तेथेही शिक्षक, कारकून, निवृत्त अधिकारी अशा मंडळींनी वर्गणी गोळा करून शाळा उभ्या केल्या. इकडे गिरगावच्या शाळांतील पट मात्र घटू लागला. मुले जिकडे गेली, तिकडे शाळाही गेली.

आज आपल्यापैकी अनेक कुटुंबे ह्या वाटेवरील पुढच्या टप्प्यावर उभी आहेत. जुन्या चाळी पुनर्विकासात जात आहेत. कोणी विरार, बदलापूरकडे घर पाहतो, कोणी पुण्यास, कोणी देशाबाहेर. जागा पाहताना आपण चौरस फूट, स्थानकाचे अंतर, वाहन ठेवण्याची सोय हे सारे विचारतो. शाळेची चौकशी करताना मात्र इमारत, गणवेश आणि फी एवढीच पाहतो. पूर्वजांचा अनुभव असा सांगतो की, प्रश्न निराळे विचारावेत. मूल पायी जाऊ शकेल काय? शिक्षक किती वर्षे टिकतात? शेजारची मुले त्याच शाळेत जातात काय, की एकाच इमारतीतून सहा शाळांच्या सहा बसगाड्या सुटतात? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवल्या आणि त्या प्रवेशात घरापासून शाळेचे अंतर पाहिले जाते. म्हणजे कायद्यानेही शाळा ही वस्तीची, हेच तत्त्व मानले आहे.

आणि एक गोष्ट अधिक खेदाची. त्या पिढीने वर्गणीतून उभ्या केलेल्या मराठी शाळांपैकी कित्येक पटाअभावी बंद पडत आहेत. त्यांच्या संस्थापकांची नातवंडे-पतवंडे इतरत्र शिकतात. हा दोष कोणा एका घराचा नव्हे. प्रत्येक आईबाप आपल्या मुलाचे हित पाहूनच निर्णय घेतात. तथापि पूर्वीचे पालक आणि आपण ह्यांत एक भेद पडला आहे. त्यांना हवी तशी शाळा जवळ नसली तर ते चार शेजाऱ्यांना बोलावून ती काढीत. आपल्याला हवी तशी शाळा नसली तर आपण दुसऱ्या उपनगरात घर घेतो.

आपल्या मंडळाकडे शिक्षणनिधी आहे, आणि त्यातून ज्ञातीच्या विद्यार्थ्यांस बक्षिसे व शिष्यवृत्त्या दिल्या जातात. ते कार्य चालू राहावेच. परंतु त्याच्या जोडीला, जेथे आपले सभासद संख्येने राहतात अशा एखाद्या उपनगरातील एक शाळा मंडळाने आपली मानावी, असे सुचवावेसे वाटते. तिच्या वाचनालयाला, प्रयोगशाळेला, शिक्षकांना साहाय्य द्यावे. आणि त्या साहाय्याचा लाभ शाळेतील प्रत्येक मुलाला, त्याची ज्ञाती न विचारता, मिळावा. ज्ञातीने घर दिले म्हणून आपण शहरात टिकलो. परंतु शहराने आपल्याला आपले म्हटले, ते शाळेच्या बाकावर शेजारी बसलेल्या परक्याच्या मुलामुळे. त्या बाकाचे ऋण अजून फिटलेले नाही. ते फेडण्यास आपले मंडळ समर्थ आहे, असा माझा विश्वास आहे. सभासद बंधुभगिनींनी ह्या सूचनेवर येत्या वार्षिक सभेत अवश्य विचार करावा, ही नम्र विनंती.